फजरनंतरची सायकल

कोकणीपुऱ्यातल्या आमच्या घरांची मुळं खाडीकाठची. तिकडं पाण्याला विचारूनच वाट धरावी लागते, असं आजी सांगायची. नाशकात खाडी कुठली? इथली गोदावरी तर अरबी समुद्राकडं पाठ फिरवून पूर्वेला निघते.

रविवारी फजर झाली की आम्ही तिघी उर्दू शाळेतल्या बाई सायकली काढतो. अशोकस्तंभ, गंगापूर नाका, आनंदवल्ली, सोमेश्वर. गंगापूर गावापुढं डांबर सोडून मातीच्या वाटेला लागलं की खरी मजा. उन्हाळ्यात धरण आटतं, भेगाळलेल्या गाळाशेजारून लांबवर जाता येतं. पावसाळ्यात तीच वाट पाण्याखाली. खाडीला दिवसातून दोनदा भरती, धरणाला वर्षातून एकदा. आजीचं म्हणणं इथंही लागू पडलं म्हणायचं!

पहिल्याच दिवशी बुरख्याचं टोक साखळीत अडकलं. घरी अम्मीनं मुकाट्यानं शिवून दिलं. बोलले ते मोहल्लेवाले. 2015 साली नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हा हीच मंडळी कौतुक करत होती.

सातवीतल्या एका मुलीचं शिक्षण थांबवायचं घरी चाललंय. हायस्कूल लांब, रिक्षा परवडत नाही. परवा तिनं हळूच विचारलं, "टीचर, धरणापर्यंत चढ आहे?"

"जाताना आहे."

शाळा सुटल्यावर तिला सायकलवर बसवलं. पाय पुरेनात. सीट खाली घ्यायला पाना आणायला पाठवलंय.