वायरलेसची वायर

तर मंडळी, या वीकेंडचा विषय ऑफिसातलं नेटवर्क. पण ऑफिस हिंजवडीतलं नाही, रिसोडचं.

रिसोडला (जिल्हा वाशिम, १९९८ पर्यंत आम्ही अकोल्यात होतो!) माझ्या काकांचं अडत दुकान आहे. पुढे ऑफिस आणि मागे साधारण सत्तर मीटरवर गोदाम आणि धरमकाटा. ऑफिसात फायबर, राउटर, आठ पोर्टचा स्विच, तीन कॉम्प्युटर. सगळं केबलने जोडलेलं आणि एकदम ठणठणीत. आणि काट्यावरचं वजन ऑफिसात कसं यायचं? तर चिठ्ठीवर. आधी भरलेल्या ट्रॅक्टरचं वजन, मग रिकाम्याचं, आणि चिठ्ठी घेऊन एक पोरगा पळणार. पावसात चिठ्ठी भिजली, तिनाचा आठ झाला, की भांडण. सोयाबीनचं वर्षभराचं पीक त्या एका आकड्यात असतं हो. माणूस भांडणारच.

चुलतभावाने यावर एक रिपीटर आणून ठेवला होता. रिपीटर म्हणजे नुसता निरोप्या. हवेतून ऐकलेलं तेच परत हवेतून बोलायचं. एकाच चॅनलवर प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली गेली की वेग निम्म्यावर येतो. आणि मध्ये गोदामाचे टिनपत्रे! धातूवरून या लहरी परत फिरतात. जिथे मुळात नीट ऐकूच येत नाही तिथे निरोप्या काय सांगणार, कपाळ?

मी म्हटलं, अ‍ॅक्सेस पॉइंट लावू, फक्त स्विचपासून काट्यापर्यंत केबल ओढावी लागेल. काका म्हणाले, "वायरलेस म्हनतोस अन् वायर मांगतोस, काहून बे?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. माझ्या मते वाय-फायबद्दलचा निम्मा घोळ या नावातच आहे. अ‍ॅक्सेस पॉइंट नवं नेटवर्क तयार करत नाही. तो एक पूल आहे. एका बाजूला केबलवरचं इथरनेट, दुसऱ्या बाजूला रेडिओ. इकडची पाकिटं तिकडे द्यायची, तिकडची इकडे. पत्ते वाटण्याचं काम राउटरकडेच राहतं, त्यामुळे काट्यावरचा लॅपटॉप आणि ऑफिसातला कॉम्प्युटर एकाच घरात बसल्यासारखे बोलतात. तांब्याच्या केबलची मर्यादा शंभर मीटर, आमचे सत्तर. म्हणजे हवेतला प्रवास उरला फक्त खांबापासून लॅपटॉपपर्यंतचा, दहाएक पावलांचा.

वाय-फायचं पहिलं स्टँडर्ड, ८०२.११, १९९७ सालचं. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा उघड्यावर विनापरवाना वापरायला मिळाला जानेवारी २००५ मध्ये. पण मला खरं आवडतं ते २००३ चं ८०२.३एएफ, म्हणजे डेटाच्या केबलमधूनच वीज पाठवायची सोय. (कुणाला कशाचं, आम्हाला याचं कौतुक!) रिसोडात याची किंमत कळते. लाइट गेली तरी ऑफिसातल्या इन्व्हर्टरवर खांबावरचा डबा चालूच राहतो. काट्याला आणि लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहेच.

केबल पीव्हीसी पाइपात घालून भिंतीकडेने नेली. ऑफिसातलं वाय-फाय चॅनल १ वर होतं, म्हणून हा ११ वर ठेवला. २.४ मध्ये १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांच्या पायात येत नाहीत. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच, म्हणजे काका फोन घेऊन गोदामाकडे चालत गेले तरी त्यांना काही करावं लागत नाही. एका रविवारचं काम.

आता वजन टाइप केलं की ऑफिसात दिसतं आणि हिशोबाला लगेच सुरुवात होते. काट्यावर एक छोटा प्रिंटरही ठेवलाय, कारण छापील पावती खिशात घातल्याशिवाय कुठलाही शेतकरी तिथून हलत नाही. मीसुद्धा हललो नसतो.

असो. चिठ्ठ्या घेऊन पळणारा तो पोरगा बारावी पास निघाला. आता लॅपटॉपवर तोच बसतो. पगार मात्र अजून पळण्याचाच आहे. त्यावरून माझी आणि काकांची रोज फोनवर वादावादी चालू आहे.