समुपदेशक बाईंची वही

पाचोऱ्याच्या त्या बाईंना नोकरी गेल्याचं फारसं दुःख नाही. सलते ती वही. विषय निघाला की आजही आवाज चढतो आणि समोरचा चहा निवून जातो.

बाकीचं त्या भराभर उरकतात. जामनेरकडचं माहेर, पाचोरा-जामनेर रेल्वे, म्हणजे पीजे, चालू होती तेव्हा त्या छोट्या गाडीनं पाचोऱ्याला कॉलेज, मानसशास्त्रात एम.ए., लग्न, आणि मग जिल्ह्यातल्या एका ‘इंटरनॅशनल’ शाळेत समुपदेशक. रोजचं अप-डाऊन. शाळा सीबीएसईची, प्रार्थना मराठीत आणि इंग्रजीत, मधल्या सुट्टीतली भांडणं अहिराणीत. सरकारनंही २०१८ साली आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढून वाबळेवाडीसारख्या जिल्हा परिषद शाळा त्यात घेतल्या होत्या. ते मंडळ पुढे बंद झालं, ‘इंटरनॅशनल’ मात्र खासगी शाळांच्या पाट्यांवर ठाण मांडून बसलं.

बाईंना खोली मिळाली ती खेळाच्या सामानाची. मूल रडत असताना कोणीतरी क्रिकेटचा किट न्यायला यायचं. शिवाय ऑफ तास, बस ड्युटी, गॅदरिंगचं सूत्रसंचालन. समुपदेशक म्हणजे रिकामा माणूस, अशी स्टाफरूमची ठाम समजूत.

सातवीतला एक मुलगा दर सोमवारी पोट धरून यायचा. “मन्हं पोट दुखस.” डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. चौथीपर्यंत तो जिल्हा परिषदेच्या शाळेत हुशार म्हणून ओळखला जायचा. इथे विज्ञान कळायचं, पण उत्तर इंग्रजीत द्यायला उभं राहिलं की घशात अडकायचं. बाईंनी त्याला अहिराणीतच बोलू दिलं, आणि महिनाभरानं पोटदुखीमागचं खरं कारण बाहेर आलं. वडिलांनी त्याला इथे घातलं ते २०२२ साली. त्या वर्षाच्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. नंतर भाव उतरले. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभावच ७,५२१ रुपये होता. फी थकली. घरात रात्री शेताचा तुकडा विकायच्या गोष्टी चालायच्या, आणि पोरगं गोधडीत जागं राहून ऐकायचं. आपल्यापायी जमीन जाणार, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. बाईंनी ते वहीत लिहून ठेवलं, पुढच्या भेटीत धागा सुटू नये म्हणून.

मार्चमध्ये कार्यालयातून बोलावणं आलं. टेबलावर थकबाकीदारांची यादी होती. “मॅडम, तुमच्याकडे त्या मुलाची सगळी माहिती आहे म्हणे. वही द्या.” बाईंना वाटलं, काळजीनं विचारताहेत. म्हणून त्यांनी मुलाची तब्येत सांगायला सुरुवात केली. त्यांना मध्येच थांबवून विचारलं गेलं, “जमीन किती आहे? विकताहेत का?”

हे वाक्य त्या अजून जसंच्या तसं म्हणून दाखवतात, त्याच सुरात. मुलानं पोटदुखीच्या आडून महिनाभरानं काढलेलं गुपित, आणि त्यावरून वसुलीचा अंदाज बांधायचा! बाईंनी वही दिली नाही. वही शाळेच्या पैशांची आहे, असंही ऐकवलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वेळची बस ड्युटी त्यांच्याकडे आली. एप्रिलमध्ये कराराचं नूतनीकरण झालं नाही. वडील फाटकाशी भेटले तेव्हा एवढंच विचारत होते, “मॅडम, पोऱ्या काय सांगस?” बाईंनी त्यांनाही वही दाखवली नाही. पोराला शेजारी बसवून त्याच्याच तोंडून बोलतं केलं.

शाळेपासून सगळंच लपवायचं असतं असं मात्र नाही, आणि इथे बाई स्वतःच्याच रागाला खोडून काढतात. मूल जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी बोलत असेल तर गप्प बसणं हाच अपराध, असं त्या म्हणतात. लैंगिक अत्याचार कळला तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. अशा गोष्टी गुप्त ठेवता येणार नाहीत, हे मुलाला पहिल्याच भेटीत सांगून टाकावं, हा त्यांचा सल्ला. पालकांनाही एक सल्ला असतो: फीचं बोलणं पोरं झोपलीत असं समजून करू नका, दिवसा त्यांच्यासमोर करा. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मुलांना वहीत लिहायला लावता येतो. पण अनेक घरांत फोन एकच, आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत. त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. विशाखापट्टणममधल्या एका कोचिंगच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. त्यानंतर बाईंना शाळांचे फोन येऊ लागले. आधी त्या म्हणायच्या, तपासणीपुरती पाटी लावणाऱ्या शाळांनी समुपदेशक ठेवूच नये. आता म्हणतात, पाटीपुरता का होईना, ठेवू दे.

त्यांनी एका शाळेत होकार दिला आहे. मुलाखतीत दोन अटी घातल्या: खोली वेगळी, नोंदी समुपदेशकाच्याच ताब्यात. संस्थाचालकांनी दोन्ही तोंडी मान्य केल्या. नेमणूकपत्रात त्यांतलं काहीच नव्हतं. होतं ते ‘व्यवस्थापन सांगेल ती इतर कामे’. बाईंनी ते दोनदा वाचलं, नवऱ्याला दाखवलं आणि सही केली.