तीन चाके आणि एक तळे

तीन चाकांची गाडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रिक्षा उभी राहते. पुढे एक चाक, मागे दोन, आणि मीटरकडे बोट दाखवून वाद घालणारे आपण. त्याहून जुन्या मंडळींना स्कूटरला जोडलेली साइडकार आठवेल : यजमान हँडलवर, मंडळी मागे, साइडकारमध्ये दोन मुले आणि धाकट्याच्या मांडीवर भाजीची पिशवी. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जी तीनचाकी रस्त्यावर दिसते, तिने ही सारी मांडणीच उलटी करून टाकली आहे. दोन चाके पुढे, एक मागे. वर मोटारसायकलीचे हँडल, आणि घोड्यावर मांड टाकावी तसा बसलेला स्वार. नाव तिचे स्पायडर, म्हणजे कोळी. मला मात्र समोरून येताना ती नांग्या पुढे केलेल्या खेकड्यासारखी वाटली, आणि ते मत मी अजून बदललेले नाही.

मॉन्ट्रियलला ताईकडे मी ऑक्टोबरच्या आरंभी गेलो, तेव्हा घरात या खेकड्याचाच विषय चालू होता. भावोजींना तो घ्यायचा होता. घ्यावा की नाही, यावरचे भांडण मी पोहोचण्यापूर्वीच संपले होते; उरले होते ते कोणता घ्यावा याचे. भावोजी नुकतेच सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. पुण्यात होते तेव्हा त्यांच्याकडे मैसूरची येझदी होती. लग्नानंतरची दोन वर्षे ताईला मागे बसवून ते दर रविवारी खडकवासल्याच्या बाजूला निघत, आणि सायंकाळी दोघेही धुळीने माखून परत येत. परदेशी जाताना ती गाडी विकली. तिची दुसरी किल्ली अजून त्यांच्या टेबलाच्या खणात आहे, हे ताईनेच मला सांगितले.

आता त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. दोन चाकांची जड मोटारसायकल सिग्नलपाशी पायावर तोलून धरणे डॉक्टरांना पसंत नाही, आणि ताईला तर मुळीच नाही. तीनचाकी आपली आपण उभी राहते. तिला मागे जायचा गिअरही असतो. शिवाय क्वेबेकात मोटारीचा परवाना हाती असलेल्या माणसाने एका दिवसाचे शिक्षण पुरे केले की ती चालवता येते. भावोजींनी ते शिक्षण घेतले होते आणि त्याचा कागद फ्रिजच्या दारावर नातवाच्या चित्राशेजारी लावला होता.

कंपनीने या गाडीचे बरेच प्रकार काढले आहेत, पण आमच्या घरातला वाद दोघी बहिणींपुरता होता. एक आरटी, ही लांबच्या प्रवासाची. दुसरी एफ-थ्री; तीही ‘एस’ जातीची, म्हणजे अंगावर जास्तीचे काही न ठेवणारी, चपळ. गंमत अशी, की दोघींच्या पोटात इंजिन एकच : ऑस्ट्रियातल्या रोटॅक्सचे, तीन सिलिंडरांचे, १३३० सी. सी., ११५ अश्वशक्ती. आम्ही पाहिलेल्या दोघींना क्लचचा दांडा नव्हता. डाव्या अंगठ्याने गिअर चढवायचा, आणि वेग कमी झाला की गाडी आपल्या मनानेच गिअर उतरवते. हाताचा ब्रेक दोघींनाही नाही. उजव्या पायाखालची एक पट्टी दाबली की तिन्ही चाके एकदम आवळली जातात.

मग फरक कशात? बसण्यात. आरटीवर माणूस ताठ बसतो, हँडल आपल्याकडे चालून येते, समोरची काच बटण दाबून वरखाली करता येते. मागे पेटी, दोन बाजूंना कप्पे, आणखी एक कप्पा नाकाडात. सगळे मिळून पावणेदोनशे लिटरांच्या आसपास सामान मावते. एफ-थ्रीवर बैठक खाली, पाय लांब पुढे पसरलेले, आणि छातीवर सरळ वारा. सामानाला पुढचा एक छोटा कप्पा. हिची खुबी म्हणजे पाय ठेवायच्या जागा आणि हँडल स्वाराच्या उंचीप्रमाणे पुढेमागे करून मिळतात. शिंप्याने कोट बेतावा तशी ही गाडी माणसाच्या मापाने बेततात, असे दुकानातल्या तरुणाने आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितले. माप अर्थात पुढे बसणाराचे.

वाद घरात मिटेना, तेव्हा भावोजींनी दोन्ही गाड्या एकेक दिवस भाड्याने घेतल्या. पहिल्या दिवशी एफ-थ्री. भाचा मोटार घेऊन मागे, आणि स्पायडरच्या मागच्या सीटवर ताई आणि मी आळीपाळीने.

मॉन्ट्रियलहून पूर्वेकडे शेरब्रूकला जाणारा दहा क्रमांकाचा महामार्ग रुंद, सरळ आणि कंटाळवाणा आहे. त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. महामार्ग सोडून टेकड्यांत शिरलो, तेव्हा ऋतूने आपली पेटी उघडली. मेपलची पाने त्या दिवसांत नुसती लाल नसतात. एकाच झाडावर हळदीपासून कुंकवापर्यंतच्या साऱ्या छटा असतात, आणि त्यांच्यामध्ये मख्खपणे उभी असलेली हिरवीगार सूचिपर्णी झाडे. रस्ता वळत होता. वळणे आली, आणि तीनचाकी म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळले.

मोटारसायकल वळताना वळणाच्या आतल्या बाजूला झुकते आणि आपल्यालाही झुकवते. शरीराचा भार सरळ सीटमध्ये उतरतो. स्पायडर झुकत नाही. पुढची दोन चाके दीड मीटरच्या रुंदीवर जमिनीला धरून राहतात, गाडी सपाटच वळते आणि माणूस मोटारीत फेकला जातो तसा बाहेरच्या अंगाला फेकला जातो. फरक एवढाच, की मोटारीला दार असते. पुढच्याला निदान हँडल असते. तो बाहेरच्या पायावर जोर देतो आणि अंग आत टाकतो. मागच्याने काय करावे? आमच्या एफ-थ्रीला पाठ टेकायला काही नव्हते. मी पहिल्या वळणावर भावोजींची कंबर धरली, दुसऱ्यावर त्यांना मिठी मारली, आणि तिसऱ्यावर मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. गाडीत स्थिरता सांभाळणारी यंत्रणा आहे. चाक उचलले जाऊ लागले तर ती इंजिनाचा जोर काढून घेते आणि लागेल त्या चाकाला ब्रेक लावते. हे मला ठाऊक होते. ठाऊक असण्याचा त्या क्षणी काही उपयोग होत नाही.

खड्ड्यांचेही तसेच. क्वेबेकातले रस्ते दर हिवाळ्यात गोठतात, वसंतात वितळतात आणि फुटतात. त्या बाबतीत आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. दुचाकीवाला खड्डा बाजूने चुकवतो, मोटारवाला दोन चाकांच्या मध्ये घेतो. या गाडीची तिन्ही चाके तीन वेगळ्या रेघांवर चालतात. मध्ये घ्यावा तर मागचे चाक त्यात जाते.

दुपारी वालकूरला पोहोचलो. लहानसे गाव, पण स्पायडरचे माहेर तेच. जोझेफ-आर्मांद बोंबार्दिए याचा जन्म १९०७ साली इथलाच. १९२६ मध्ये त्याने इथे मोटारदुरुस्तीचे गॅरेज काढले; ते गॅरेज आता त्याच्या नावाच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. त्या काळी हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ काढत नसत. बर्फ पडले की गावे महिनोन्महिने एकमेकांपासून तुटत. बर्फावर चालणारी गाडी करण्याचा त्याला लहानपणापासून ध्यास होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात दुखू लागले. दुखणे आतड्याचे होते, इस्पितळ शेरब्रूकला, सुमारे पन्नास किलोमीटरांवर, आणि वाट बंद. बापाच्या गॅरेजात गाडी होती, पण ती चालण्याच्या स्थितीत नव्हती. मूल गेले.

पुढे तीन वर्षांनी, १९३७ मध्ये, दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांच्या रचनेचे पेटंट त्याला मिळाले. त्या पट्ट्यांवर चालणाऱ्या बंदिस्त गाड्यांतून डॉक्टर गेले, टपाल गेले, मुले शाळेत गेली. १९५९ साली त्याने एकदोघांपुरती हलकी, उघडी गाडी काढली, तिचे नाव स्की-डू. ती लोकांनी हौसेसाठी घेतली आणि तिनेच घराण्याचे नाव जगभर केले. तो १९६४ मध्ये वारला. करमणुकीच्या गाड्यांचा विभाग २००३ साली मूळ कंपनीपासून वेगळा झाला, आणि २००७ मध्ये त्या विभागाने स्पायडर रस्त्यावर आणली. संग्रहालयात एका जुन्या स्की-डूपाशी भावोजी बराच वेळ उभे होते. पुढे दोन पट्ट्या बर्फावर टेकलेल्या, मागे मध्यभागी एक रुंद पट्टा, वर हँडल. पट्ट्यांच्या जागी चाके घातली, की बाहेर उभी असलेली आमची गाडी. खेकडा नव्हता तो. बर्फावरची घसरगाडी होती, उन्हाळ्यासाठी चाके लावलेली.

ताई मात्र त्या मुलाच्या हकिकतीपाशीच थांबली होती. परतताना ती मोटारीत माझ्याशेजारी बसली. स्पायडरवर भावोजी एकटे होते, आणि आम्ही मागून त्यांना पाहत होतो. मागचा भार गेल्याबरोबर गाडी जणू दुसरीच झाली. वळणे ती ओरबाडून घेत होती. भावोजी आत झुकत, बाहेर येत, पुन्हा झुकत. सत्तर वर्षांच्या माणसाच्या पाठीत एवढे लवचीक काही शिल्लक असेल असे मला वाटले नव्हते. पेट्रोलपंपावर त्यांनी हेल्मेट काढले तेव्हा त्यांचा चेहरा मी ओळखला. तो येझदीच्या वेळचा होता.

“घेऊन टाका हीच,” ताई म्हणाली.

“अगं, उद्या ती दुसरी तर पाहू.”

“तुम्हाला ही आवडली ना? मग झालं.”

“इथे मोसम असतो केवढा? मे ते ऑक्टोबर. आणि मला असे आणखी किती मिळणार? आठ, फार तर दहा,” भावोजी काच पुसत म्हणाले. त्यावर ताई काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आरटी. या वेळी थेट मागोग गावाकडे, मेम्फ्रेमेगॉगच्या काठाने. हे तळे उभे, लांबट, उत्तर-दक्षिण पसरलेले; त्याचे वरचे टोक क्वेबेकात आणि खालचे अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये. डाव्या हाताला माँ-ओरफोर्डचा साडेआठशे मीटरांचा डोंगर, पायथ्याशी तांबडा आणि माथ्याशी करडा. थंडी चांगलीच होती. आरटीच्या मागच्या माणसासाठीही मुठी गरम करण्याची सोय आहे, तिला मी मनापासून दुवा दिला. काच वर केली की वारा डोक्यावरून जातो. पाठीला मागच्या पेटीची उशी. वळणावर अजूनही बाहेर फेकले जातोच, तो तीनचाकीचा स्वभाव आहे, पण आता धरायला जागा होती. भावोजींना मात्र ही गाडी जड वाटत होती. “सोफा चालवतोय,” असे ते दोनदा म्हणाले.

माझे मत विचाराल, तर एकट्या माणसाने डोळे मिटून एफ-थ्री घ्यावी. इंजिन तेच आहे, मग ते पेट्या वाहण्यात कशाला खर्ची घाला? जाहिरातीत आरटीच्या सोयींच्या याद्या असतात. त्यांतल्या निम्म्या सोयी पुढच्याला चार दिवसांनी आठवणारही नाहीत. पण मागे रोज कोणी बसणार असेल, तर दुकानात माप त्याचे घ्यायला हवे, आणि तसे घेणारा दुकानदार मी पाहिला नाही.

ऑस्टिन गावाच्या पुढे तळ्याच्या पश्चिम काठावर सँ-बेन्वा-द्यू-लाक हा बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे, १९१२ साली स्थापन झालेला. साधू इथे प्रार्थना गातात, चीज करतात आणि सफरचंदांपासून सायडर काढतात. मठाच्या दुकानातून आम्ही त्यांचे निळ्या बुरशीचे चीज घेतले. त्याचा वास मला शेवटपर्यंत मानवला नाही, पण भाच्याने ते पोळीशी मिटक्या मारीत खाल्ले. मठाच्या उतारावरून तळे पुरते दिसते. ताई शेवटचा टप्पा मागे बसून आली होती. उतरली, हेल्मेट काढले आणि केस सारखे करीत उभी राहिली.

“काल काय काय पाहिलंत?” मी विचारले.

“काल यांचं हेल्मेट पाहिलं. मागून,” ती म्हणाली. “आज तळं दिसलं.”

ते खरेच होते. आरटीची मागची सीट पुढच्या सीटपेक्षा बरीच उंच आहे. बुटक्या माणसालाही पुढच्याच्या खांद्यावरून रस्ता दिसतो. आणि ताई आमच्या घरात सगळ्यांत बुटकी. भावोजींनी ते ऐकले. ते थोडा वेळ तळ्याकडे, थोडा वेळ गाडीकडे पाहत राहिले. मग गाडीची काच वर करून पाहिली, खाली करून पाहिली, आणि ताईला विचारले, “वर जास्त बरी वाटते, की मध्ये?”

गाडी मे महिन्यात घरी आणायची ठरली. तिथे डिसेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत हिवाळी टायर लावल्याशिवाय रस्त्यावर उतरता येत नाही, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडेही बर्फ असतेच. तोवर आरटी दुकानातच राहणार होती. आगाऊ रक्कम भरायला आम्ही सगळेच गेलो. भावोजी कागदांवर सह्या करीत होते, तेवढ्यात ताई एफ-थ्रीच्या शेजारच्या फळीपाशी गेली आणि तिथले एक हेल्मेट डोक्यात घालून आरशात पाहू लागली. लाल होते. बाजूने काळ्या पट्ट्या. दुकानातला तरुण सांगू लागला की हे वेगवान गाड्यांवरच्या लोकांसाठी आहे, आरटीच्या मंडळींसाठी पलीकडच्या फळीवर पांढरी आणि चंदेरी आहेत.

“हेच बांधा,” ताई म्हणाली.