पत्त्यातले सहा आकडे

मुंबईहून आईला मनीऑर्डर करताना पत्त्याखाली मी ४०२३०३ हा पिनकोड ठळक लिहीत असे. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडित अधिकाऱ्याने आखलेली ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन पोलादपूरचे टपाल कार्यालय. न्यूयॉर्कसारख्या एकाच शहराला असे कितीतरी संकेतांक लागतात. आमच्या एका संकेतांकात मात्र डोंगरातल्या कितीतरी वाड्या सामावतात. पोलादपूरपुढे आकड्यांची वाट संपे. आमच्या वाडीत आईच्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या तिघी होत्या. त्यांतली माझी आई कोणती, हे पोस्टमनदादांना ठाऊक होते. तिच्या अंगठ्याची पोच परत आली, की माझा जीव भांड्यात पडे.