नावाचा रकाना

आजच्या टिपणात लढाया नाहीत. विषय पुरस्कारांचा आहे, तोही स्लाव्ह देशांतील स्त्रियांविषयीच्या संशोधनाला अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांचा. मुळशीतल्या माले गावच्या मुलीचा त्याच्याशी काय संबंध, असे आपण विचाराल. थोडे थांबावे.

असोसिएशन फॉर विमेन इन स्लाव्हिक स्टडीज ही संस्था रशियन साहित्याच्या अभ्यासक बार्बरा हेल्ट यांच्या नावाने पारितोषिके देते. मला मात्र तिचेच दुसरे, मेरी झिरिन यांच्या नावाचे पारितोषिक अधिक मोलाचे वाटते. ते विद्यापीठाच्या आधाराविना संशोधन करणाऱ्यांसाठी आहे. नेपोलियनविरुद्ध पुरुषवेषात लढलेल्या नादेझ्दा दुरोवाच्या आठवणी झिरिनबाईंनी इंग्रजीत आणल्या. त्या स्वतःही अशाच स्वतंत्र संशोधक होत्या.

आपल्याकडे शर्मिला रेगे यांना २००६ साली माल्कम आदिशेषय्या पुरस्कार लाभला. त्या पुणे विद्यापीठातल्या प्राध्यापक होत्या. पण त्याआधी, १९८९ मध्ये, 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध करणाऱ्या ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून प्राध्यापक नव्हत्या. आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांना शोधून त्यांनी मुलाखती घेतल्या. पवार तेव्हा सरकारी नोकरीत होत्या. झिरिन पारितोषिकासारखे काही आपल्याकडे असते, तर त्यावर पहिला हक्क या दोघींचा, असे माझे मत आहे.

आता माले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. त्या कामाची मुळे आमच्या डोंगरी भागात आहेत आणि संकलनात इथल्या स्त्रियांचा मोठा वाटा आहे. माझ्या काकी त्या प्रकल्पात नव्हत्या. पण दळण संपले तरी ओव्या राहाव्यात म्हणून त्यांनी दोन वह्या भरल्या. त्यांत धरणात गेलेल्या गावांच्या ओव्याही आहेत. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहावरचा माझा प्रबंध या वह्यांविना अर्धा राहिला असता.

त्यातलेच एक प्रकरण मी एका विद्यार्थी-निबंध स्पर्धेला पाठवायचे ठरवले. अर्जात लेखकाच्या नावाचा रकाना एकच. विचारणा केली, तेव्हा उत्तर आले की संकलकांचा उल्लेख ऋणनिर्देशात करावा. नियम म्हणून हे योग्यही असेल. परंतु विश्लेषण माझे आणि पुरावा काकींनी वाचवलेला. त्यांना ऋणनिर्देशात बसवताना माझा हात अडखळला. पारितोषिकाची रक्कम मला हवी होती, हेही लपवत नाही.

अखेर त्या एकाच रकान्यात मी दोन नावे लिहिली आणि काकींना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिले.

"माझं कशाला गं? मी नुसतं लिहून काढलं. म्हणायची ती माझी आई. तिचं लिही."

आजीचे नाव मला ठाऊक नव्हते. काकींनी सांगितले. रकान्यात जागा उरली नव्हती, म्हणून ते समासात लिहिले आणि अर्ज तसाच पाठवला.