दश्शीवरचे दहा मासे

सावंतवाडीच्या राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये आजही कलाकार गंजिफेचे पत्ते रंगवत बसलेले दिसतात. दशावतारी गंजिफेचा संच 120 पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. पाने गोल, हातात सहज मावणारी. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाला परशू, कल्कीला तलवार.

हिशेब केला तर एका रंगात 55 खुणा होतात, म्हणजे अख्ख्या संचात 550. संगणकावर मासा एकदा काढला की बाकीचे चोपन्न क्षणात उमटतात, आणि ते चोपन्नही हुबेहूब पहिल्यासारखेच असतात. हाताने रंगवलेल्या संचातली मत्स्याची दश्शी जवळून पाहावी. गोल पानात दहा मासे बसवायचे, तेही खेळणाऱ्याला एका नजरेत मोजता आले पाहिजेत. मग काठाजवळच्या माशाची शेपटी किंचित वळते, मधला जरा आखडतो, एखाद्याचा कल्ला बारीक रेघेवरच भागतो. कुंचला टेकवताना दर वेळी जागेचा नव्याने अंदाज घ्यावा लागतो. हस्तकलेचे मोल नेमके या निर्णयांत आहे. थोडी वेडीवाकडी वस्तू म्हणून तिचे कौतुक करणे हा कारागिराचा अपमानच आहे.

पान उलटले की कसोटीही उलटते. पाठीवर एक ठिपका जरी वेगळा पडला तरी पान ओळखू येईल आणि डाव नासेल. म्हणून पाठ एकरंगी, गुळगुळीत आणि सगळ्या 120 पानांवर सारखी हवी. चिंचोक्यांची पूड, तेल, लाख ही यातली जुनी सामग्री. पुढच्या बाजूला मोकळा असणारा हात मागच्या बाजूला इतका शिस्तीत राहतो, हे पाहिले की हस्तकला म्हणजे ओबडधोबडपणा हा समज टिकत नाही.

गंजिफेवर यंत्राचा घाव संगणकाच्या कितीतरी आधी बसला. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. इतका जुना हा खेळ छापील बावन्न पत्त्यांच्या स्वस्त जोडापुढे मागे पडला. सावंतवाडीत तो हुन्नर जवळजवळ संपला होता. तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी तो वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून शिकून घेतला आणि राजवाड्यातच काम सुरू केले, म्हणून तो वाचला.

2024 साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळाले, हे चांगलेच झाले. मानांकनाने नाव सुरक्षित राहते, पण हात टिकायचा तर मागणी हवी, आणि मागणी बहुतेक भिंतीसाठीची आहे. दहा राजे चौकटीत लावले जातात. दश्शी, नव्वी, अठ्ठी कुणाला नकोच असतात. भिंतीवरच्या चित्रासाठी उत्तम छपाई पुरेशी पडते, तिथे हाताने रंगवलेल्या पानाची बाजू लंगडी होते. प्रस्तुत लेखकाला सर्वांत जास्त खुपते ते हेच. गंजिफा खेळली गेली तरच सगळी 120 पाने रंगवण्याला अर्थ आहे.

खेळही रंगतदार आहे. तिघे बसतात, प्रत्येकाला चाळीस पाने. दिवसा सुरुवात रामाच्या रंगाने, रात्री कृष्णाच्या. पाच रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा, त्यामुळे गेलेली पाने लक्षात ठेवताना कस लागतो. हे नियम आजी-आजोबांकडून शिकायची सोय आता फारशा घरांत उरलेली नाही. इथे मोबाइलचा खरा उपयोग आहे: एक डाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित करून मराठीत समजावून सांगावा, आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पूर्ण संचासोबत त्याचा दुवा आणि नियमांची छोटी पुस्तिका द्यावी. दिवाळीच्या सुट्टीत तिघे जमणार नाहीत असे घर विरळाच.