आकडा कुठल्या रकान्यातला?

"हिशेबासाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" असं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून बोलणारा प्रोग्राम, वापरणाऱ्या कुणी विचारलं, तर मी लगेच नाव सांगत नाही. आधी त्यात पाच-सहा नोंदी करायला लावते आणि मग उजव्या बाणाची कळ दाबत सरकायला सांगते. कान द्यायचा तो एकाच गोष्टीकडे: आकड्यासोबत रकान्याचं नाव येतंय का? नुसतंच "बाराशे चाळीस, डी सतरा" असं ऐकू आलं, तर ते पैसे आले की गेले हे कळायला वर मथळ्यापर्यंत जायचं आणि पुन्हा सतराव्या ओळीत उतरायचं. डोळस माणूस नजर वर टाकून मोकळा होतो. आम्हाला तोच मथळा दर वेळी कुणीतरी सांगावा लागतो.

मी दृष्टिहीन आहे. हिशेब लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि जोडीला इतर दृष्टिहीनांना एक्सेल शिकवते. एक्सेलकडे माझा ओढा आहे, हे आधीच सांगून टाकते. कारण साधं आहे. मथळ्यांच्या ओळीतल्या पहिल्या सेलवर उभं राहायचं, एनव्हीडीए या स्क्रीन रीडरची कळ धरून शिफ्ट-सी दाबून मथळ्यांची खूण करायची. एवढं केलं की उजवीकडे सरकताना "तपशील, किराणा", "खर्च, बाराशे चाळीस" असं नीट ऐकू येतं. ही खूण फाइलमध्येच साठते आणि जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरलाही कळते. म्हणजे मी घरी फुकटच्या एनव्हीडीएवर वही बांधली आणि ऑफिसात जॉज वापरणाऱ्या सहकाऱ्याला पाठवली, तर त्याला मथळे आयते मिळतात. एनव्हीडीए २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी सुरू केलं. ते आणि त्यांचे जोडीदार जेम्स तेह दोघेही दृष्टिहीन. सेलमध्ये उभं राहिल्यावर माणसाला नेमकं काय ऐकायचं असतं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नसणार.

वही कशी बांधायची, यावर मात्र मी हट्टी आहे. एकच सलग तक्ता, वर मथळ्यांची एकच ओळ, मध्ये एकही रिकामी ओळ नाही. शोभेसाठी सोडलेली रिकामी ओळ आमचा घात करते. कंट्रोल धरून खालचा बाण दाबला की कर्सर त्या ओळीच्या आधीच थांबतो, आणि ऐकणारा समजतो हिशेब संपला. लाल रंगाने उणे दाखवणंही नको. उण्याचं चिन्ह हवं, ते ऐकू येतं. रकाना अरुंद ठेवला तर रकमेच्या जागी नुसते हॅशच वाचले जातात. लाखांतली रक्कम इंग्रजी आवाजात ऐकायची असेल तर स्वल्पविराम काढून टाकलेले बरे. आपल्या पद्धतीने पडलेले स्वल्पविराम काही आवाजांना झेपत नाहीत, ते एका रकमेचे तीन तुकडे करून वाचतात. आजची तारीख कंट्रोल आणि अर्धविरामाने पडते, बेरीज ऑल्ट आणि बरोबरच्या चिन्हाने. माऊस लागतच नाही.

गूगल शीट्स चालतं, पण कंट्रोल-ऑल्ट-झेड दाबून स्क्रीन रीडरची सोय आधी चालू करावी लागते. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण पहिल्याच दिवशी ते सोडून देतात.

घरखर्चाची तयार सॉफ्टवेअरं हा वेगळा विषय. त्यांचा सगळा भर गोल आलेख आणि रंगीत पट्ट्यांवर, आणि त्यातलं आमच्या वाट्याला काहीच येत नाही. ग्नूकॅशचं नाव पुष्कळ घेतलं जातं. रोजकीर्द-खतावणीच्या दृष्टीने ते पक्कं आहेच, पण जीटीके नावाच्या ज्या पायावर ते उभं आहे, त्याच्या खिडक्या विंडोजवरच्या स्क्रीन रीडरला मुक्या. मोबाइल अ‍ॅपमध्ये "बटण, बटण, बटण" ऐकत बोट फिरवायचं. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितलं. निकाल मोठा आहे. पण बटणाला नाव द्यायचं काम शेवटी कुणीतरी खुर्चीत बसून करायचं असतं.

ज्यांना टायपिंगची भीती नाही, त्यांना मी लेजर किंवा एचलेजर सुचवते. इथे सगळा हिशेब एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहतो. तारीख आणि तपशील एका ओळीत, खाली खर्चाचं खातं आणि रक्कम, त्याखाली बँकेचं खातं. शेवटची रक्कम लिहिली नाही तरी प्रोग्राम ताळा जुळवून घेतो. नोटपॅड वाचता येतं त्याला हे वाचता येतं. शिवाय उद्या प्रोग्राम बंद पडला तरी फाइल आपली आपल्याकडे. मायक्रोसॉफ्ट मनी या घरहिशेबाच्या सॉफ्टवेअरची विक्री २००९ साली थांबली, तेव्हापासून मी कुठल्याही सॉफ्टवेअरला दुसरा प्रश्न विचारते: माझा हिशेब सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्यात, बाहेर काढून देशील का? नाही म्हटलं, की विषय संपला.

बँकेच्या उताऱ्याचे मात्र हाल बघा. एक्सेलमध्ये उतरवून घेतला तरी पहिल्या सेलमध्ये लोगो, मग पत्ता, मग मर्ज केलेल्या सेलमध्ये खातेदाराचं नाव. मथळे कुठेतरी विसाव्या ओळीत. बाण दाबत राहायचं आणि "रिकामं, रिकामं" ऐकत राहायचं. मी आधी वरच्या ओळी उडवते, मर्ज सोडवते, मगच खूण करते. खटाटोप आहे, पण पासबुक घेऊन शेजारी जायचं आणि आपली शिल्लक दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची, त्यापेक्षा कितीतरी बरा.

आता डोळस वाचकांसाठी. तुम्ही सोसायटीचे, भिशीचे किंवा मंडळाचे खजिनदार असाल आणि सभासदांत एक जरी दृष्टिहीन असेल, तर महिन्याच्या हिशेबाचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. मूळ फाइल पाठवा, मथळे एका ओळीत ठेवा आणि सेल मर्ज करू नका.